थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात घरभर पाहुणे: ऑक्टोबरच्या फोनपासून रविवारच्या विमानतळापर्यंत

अमेरिकेत येऊन दोन-तीन वर्षं झाली, घर जरा मोठं मिळालं, की ऑक्टोबरात फोन सुरू होतात. टेक्सासचा चुलतभाऊ म्हणतो, "यंदा थँक्सगिव्हिंगला तुमच्याकडेच जमू या." शिकागोची मावसबहीण लगेच तिकिटं बघते. सासू-सासरे भारतातून आधीच आलेले असतात. आपण आनंदाने हो म्हणतो आणि तेवढ्याच आनंदाने टर्कीची, म्हणजे या सणाला अख्खा भाजतात त्या मोठ्या पक्ष्याची, पाककृती शोधायला बसतो.

माझं सांगणं असं, की पाककृती सगळ्यात शेवटी शोधा. गुरुवारचं जेवण हा या आठवड्यातला सोपा भाग आहे. घरच्यांचा कस लागतो तो इतर गोष्टींत: रोजच्या सकाळी, एकुलता एक ओव्हन, संपलेलं गरम पाणी, आणि कोण काय खात नाही हे ऐन वेळी कळणं. हे सगळं आधी विचारून आणि लिहून ठेवलं, तर यजमानांनाही पाहुण्यांसोबत बसायला मिळतं. मी मध्य न्यू जर्सीत राहते, त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर दुकानांचे आणि गाडीचे नियम तेवढे तिथले बघून घ्या.

१. आधी तारखा ठरवा, आणि पंचांगही बघा

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, म्हणजे २२ ते २८ यांच्या मध्ये कुठेतरी. २०२६ मध्ये तो २६ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २५ ला. शुक्रवारची सुट्टी बऱ्याच ऑफिसांना असते, पण सगळ्यांना नाही. बुधवारी अनेक शाळा अर्धा दिवस भरतात. विमानतळांवर सगळ्यात जास्त गर्दी आदल्या मंगळवारी-बुधवारी आणि नंतरच्या रविवारी असते. येणाऱ्यांना सोमवारी किंवा थेट गुरुवारी सकाळी यायला सांगा आणि परतीला शनिवार किंवा पुढचा सोमवार सुचवा. तिकीटही बहुधा स्वस्त पडतं.

किती रात्री राहणार हे तिकीट काढण्याआधीच बोलून घ्या. "या हो, केव्हाही या" हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य पुढे दोन्ही बाजूंना अवघड होतं. "सोमवार ते शनिवार या, रविवारी आम्हा दोघांना कामाची तयारी करायची असते" असं सरळ सांगितलं तर जवळच्या माणसाला राग येत नाही.

आता पंचांग. हे नव्या लोकांच्या लक्षात येत नाही, कारण हा सण इंग्रजी कॅलेंडरचा. पण तो गुरुवारी असतो, आणि काही वर्षी तो गुरुवार मार्गशीर्षातला निघतो. २०२५ मध्ये असंच झालं: २७ नोव्हेंबरचा थँक्सगिव्हिंग म्हणजे मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, आणि आदल्याच दिवशी चंपाषष्ठी. ज्या घरात महालक्ष्मीचं व्रत आहे तिथे त्या दिवशी टर्की शिजणं शक्य नाही. सासूबाई मोठ्या मनाने "तुम्ही करा हो, मी माझी खोलीत पूजा करीन" म्हणतील, पण तसं करायला लावू नका.

अशा वर्षी टर्की शुक्रवारी करा. गुरुवारी संध्याकाळी घट मांडावा, कहाणी वाचावी, सगळ्यांनी आरतीला उभं राहावं आणि शाकाहारी, गोडाचं जेवण करावं. दुसऱ्या दिवशी टर्की. अमेरिकन शेजाऱ्यांना चमत्कारिक वाटेल असं मनात आणू नका. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३९ साली हा सण आठवडाभर अलीकडे ओढला होता, काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, आणि शेवटी १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला. तुमच्या घरी तो एक दिवस पुढे गेला तर काही बिघडत नाही.

पूजेचं सामान मात्र मंगळवारपर्यंत आणा. नोव्हेंबरअखेर इथली झाडं उघडी पडलेली असतात, त्यामुळे पाच प्रकारच्या डहाळ्या अंगणात मिळणार नाहीत. आंब्याची पानं, विड्याची पानं, नारळ हे एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर मिळतं. दुसऱ्या गावी असाल तर जवळच्या भारतीय दुकानात आठवडाभर आधी सांगून ठेवा.

२. प्रत्येक घराशी एक फोन

व्हॉट्सअॅप ग्रुप काढाच, पण माहिती फोनवर घ्या. ग्रुपवर मोठी माणसं एकच उत्तर देतात: "आम्हाला काहीही चालतं." ते खरं नसतं. प्रश्न बदला. "काका, सकाळी उठल्यावर आधी काय घेता?" असं विचारलं की कोमट पाणी, नंतर बिनसाखरेचा चहा, साडेआठला नाश्ता झालाच पाहिजे कारण गोळी असते, असं सगळं आपोआप बाहेर येतं.

विचारून लिहून ठेवायच्या गोष्टी:

- मांसाहार, अंडं, कांदा-लसूण: कोणाला काय चालत नाही, कोणत्या वारी चालत नाही
- अॅलर्जी. आपल्या भाज्यांत, कोशिंबिरीत दाण्याचं कूट सहज पडतं, म्हणून शेंगदाण्याचं मुलांच्या बाबतीत हमखास विचारा
- मधुमेह, रक्तदाब, गुडघे, जिने चढता येतात का
- रात्री श्वासाचं मशीन लावतात का, म्हणजे पलंगाशेजारी प्लग लागेल
- मुलांची वयं आणि उंची, गाडीतल्या सीटसाठी
- विमानतळावर कोण आणायला, कोण सोडायला

याच फोनवर खर्चाचंही बोलून टाका. किराणा आणि टर्की यजमानांची, बाहेरचं जेवण आलटून-पालटून, पार्किंग आणि तिकिटं ज्याची त्याने, अशी वाटणी आमच्या नात्यात चालते. तुमची वेगळी असेल. पण ती आधी ठरलेली हवी, नाहीतर हॉटेलात बिलावर ओढाताण होते आणि मुलं बघत बसतात.

कामंही इथेच वाटा. पाहुण्याला काम सांगणं आपल्याला जड जातं, पण चार दिवस नुसतं बसून राहिलेला पाहुणा अवघडतो. मावशीला पोळ्या नकोत, पण घारगे तिचेच हवेत. मामांकडे रोजचा कचरा आणि रिसायकलिंग. मुलांकडे पाणी आणि ताटं मांडणं.

३. कागदपत्रं आणि औषधं

७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानालाही रिअल आयडीचं (केंद्र सरकारच्या नियमांत बसणारं) लायसन्स किंवा दुसरं मान्य ओळखपत्र लागतं. भारतातून आलेल्या आई-बाबांना यासाठी वेगळं काही काढावं लागत नाही, त्यांचा भारतीय पासपोर्ट चालतो. पण तो मूळ हवा, मोबाइलमधला फोटो नाही. एकत्र ठेवायची फाइल अशी:

- पासपोर्ट, व्हिसा, आणि आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीची) छापील प्रत
- प्रवासी आरोग्य विम्याचा पॉलिसी नंबर आणि कंपनीचा फोन
- औषधांची यादी, ब्रँडच्या नावाऐवजी मूळ औषधाच्या नावाने, आणि डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन
- परतीचं तिकीट

क्रोसिन मागितली तर इथल्या फार्मासिस्टला कळणार नाही. पॅरासिटामॉलला इथे अॅसिटामिनोफेन म्हणतात आणि ते टायलेनॉल या नावाने मिळतं. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दवाखाने बंद असतात, फार्मसीही अनेक ठिकाणी बंद किंवा अर्धवेळ चालू असतात. बुधवारी सकाळी सगळ्यांच्या गोळ्या पुढच्या सोमवारपर्यंत पुरतात का, एवढं बघून घ्या.

भारतातून येणाऱ्यांना कढीपत्ता, ताजी फळं, मांसाचे पदार्थ आणू नका म्हणून आधीच सांगा. कढीपत्ता संत्र्या-लिंबाच्या कुळातला आहे, त्यावरून येणारी कीड इथल्या बागांना घातक ठरते, म्हणून तो अडवतात. चकल्या-लाडू आणता येतात, पण खाण्याचं जे काही आहे ते विचारल्यावर "आहे" म्हणून सांगायचं. लपवलं तर दंड होतो.

४. घर: झोप, पाणी, फोडणीचा धूर

मोठ्यांना खालच्या मजल्यावर, संडासाजवळ झोपवा. हवेची गादी मुलांना आणि तरुणांना ठीक. साठीच्या पुढच्या माणसाला तिच्यावरून उठता येत नाही, आणि पहाटे ती निम्मी बसलेली असते. तुमचा पलंग त्यांना द्या आणि गादीवर तुम्ही झोपा. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा लावून ठेवा.

गरम पाण्याच्या टाकीत साधारण ४० ते ५० गॅलन पाणी मावतं. ओळीने चार जणांनी शॉवर घेतला की पाचव्याला गार पाणी. म्हणून निम्म्यांनी रात्री, निम्म्यांनी सकाळी अंघोळ करायची, आणि त्या वेळात वॉशिंग मशीन, डिशवॉशर लावायचं नाही. बाथरूममध्ये एक बादली आणि एक मग ठेवा. आई-बाबांच्या पिढीला ते बरं पडतं आणि पाणीही कमी लागतं. शॉवरची मूठ कुठे फिरवली की गरम येतं हे हाताने फिरवून दाखवा. सांगून कळत नाही, प्रत्येक घरातली वेगळी असते.

हीटर ७० ते ७२ फॅरनहाइटवर ठेवा, म्हणजे २१-२२ सेल्सियस. हीटरच्या गरम हवेने नाक-घसा कोरडा पडतो, ओठ फुटतात. प्रत्येक खोलीत पाण्याची बाटली, आणि जमलं तर मोठ्यांच्या खोलीत ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र.

दोन अलार्मची माहिती सगळ्यांना हवी. एक चोरांचा: जेट लॅगने पहाटे चारला जागे झालेले सासरे बाहेरची हवा घ्यायला दार उघडतात आणि सगळी गल्ली जागी होते. पाहुणे आहेत तोवर तो रात्री बंद ठेवा. दुसरा धुराचा: तो बंद करू नका, त्याच्यावर फडकं बांधू नका. फोडणीआधी पंखा सुरू करायचा, खिडकी इंचभर उघडायची, मिरच्या झाकणाखाली टाकायच्या.

आता चहा. आठवडा सुखाचा जाणार की नाही हे माझ्या मते इथे ठरतं. स्वयंपाकघराचा एक कोपरा फक्त चहाचा करा: नेहमीचं पातेलं, गाळणं, सांडशी, चहा, साखर, किसणी आणि आल्याचा तुकडा, पारले-जी, आणि सहा कप बाहेरच. दूध फ्रीजच्या दारात. शेगडी कशी पेटते ते आदल्या रात्री त्यांच्याकडून एकदा पेटवून घ्या, कारण इथलं बटण दाबून फिरवावं लागतं, आणि काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीची जागा विझल्यावरही भाजते. चार वाजता उठलेल्या माणसाला स्वतःचा चहा स्वतः करता आला की ते घर त्याचं होतं, आणि तुम्हाला सहापर्यंत झोप मिळते.

फ्रीजवर मोठ्या अक्षरांत मराठीत कागद लावा: घराचा पूर्ण पत्ता, तुमचे दोघांचे नंबर, विश्वासू शेजाऱ्याचा नंबर, वायफायचा पासवर्ड, आणि "जिवाचं काही असेल तर ९११". घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही.

गाड्यांचं विसरू नका. न्यू जर्सीतल्या बऱ्याच गावांत रस्त्यावर रात्रभर गाडी लावायला बंदी असते. टाउनशिपच्या पोलिसांच्या साध्या नंबरवर (९११ वर नव्हे) आधी फोन करून परवानगी मागितली तर अनेक ठिकाणी मिळते.

५. किराणा आणि भांडी

मोठी खरेदी आदल्या शनिवारी-रविवारी उरका. बुधवारी संध्याकाळी दुकानात पाऊल ठेवायला जागा नसते. गुरुवारी कॉस्टको, वॉलमार्ट, टार्गेट बंद असतात. काही सुपरमार्केट दुपारपर्यंत उघडी असतात, पण मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात कायद्यानेच ती बंद ठेवावी लागतात. दूध, दही, कोथिंबीर, बर्फ, टॉयलेट पेपर आणि कचऱ्याच्या पिशव्या नेहमीच्या दुप्पट.

भांड्यांत हे बघून ठेवा:

- मांसाचा थर्मामीटर. हा नसेल तर टर्की करू नका
- भाजायचा खोल ट्रे. अॅल्युमिनियमचा पातळ ट्रे घेतलात तर त्याखाली बेकिंग शीट ठेवाच, नाहीतर बाहेर काढताना तो मधोमध वाकतो आणि गरम रस अंगावर येतो
- जाड फॉइल, ओव्हनचे लांब हातमोजे
- शाकाहारी पदार्थांसाठी वेगळे चमचे, वेगळा ट्रे, वेगळा कापायचा पाट
- घडीचं टेबल, खुर्च्या. शेजारी मराठी घर असेल तर मागून आणा
- उरलेलं भरायला भरपूर डबे. दह्याचे जुने डबे आतापासून धुऊन जमवा

६. टर्की, रविवारपासून

किती मोठी? खाणाऱ्या माणशी एक ते दीड पौंड. पंधरा जणांत पाच शाकाहारी असतील तर उरलेल्या दहांना १४ पौंडांची, म्हणजे सव्वासहा किलोंची, भरपूर झाली. आपल्याकडे ताटात बाकीही खूप असतं. चार-पाचच जण खाणारे असतील तर टर्कीचं नुसतं ब्रेस्ट आणा किंवा दोन कोंबड्या करा.

गोठलेली टर्की वितळायला फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना २४ तास लागतात. १४ पौंडांची रविवारी सकाळी फ्रीजमध्ये गेली तर बुधवारपर्यंत होते. सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोल ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे रस भाज्यांवर गळणार नाही. त्यासाठी शनिवारी फ्रीज रिकामा करावा लागतो, आणि नेमका तेव्हाच तो इडलीच्या पिठाने आणि भाज्यांनी भरलेला असतो. गुरुवारी पहाटेही मधोमध बर्फ लागला तर प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून गार पाण्यात बुडवा: दर पौंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. अशी वितळवलेली लगेच शिजवायची. ओट्यावर रात्रभर ठेवू नका.

आपल्याला चिकन हळद-पाण्याने धुवायची सवय असते. टर्की धुऊ नका. सिंकमध्ये धुताना उडणारे थेंब शेजारच्या सॅलडवर आणि भांड्यांवर जातात, आणि जंतू मरतात ते ओव्हनमध्ये, पाण्याने नाही. आत हात घालून मान आणि काळीज-पेटाची पिशवी मात्र काढा. पिशवी बहुतेक वेळा मानेच्या बाजूच्या कातडीखाली दडलेली असते, ती तशीच भाजली जाते.

मसाला बुधवारी संध्याकाळी लावा. छातीवरची कातडी बोटांनी हलकेच सोडवायची आणि आलं-लसूण, तिखट, गोडा मसाला, लिंबू आणि मऊ लोणी यांचं वाटण कातडीखाली, थेट मांसाला चोळायचं. वरून फक्त तेल आणि हळद. दही किंवा वाटण वरून लावलं तर तीन-चार तासांत करपून काळं होतं. मिठाआधी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा: बऱ्याच टर्कींत कंपनीनेच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. तसं असेल तर वाटणात मीठ अगदी कमी.

ओव्हन ३२५ फॅरनहाइट. पोटात काही न भरता १४ पौंडांना साधारण पावणेचार तास. रंग पुरेसा आला की वरून फॉइल. झाली की नाही हे घड्याळावर किंवा टर्कीला कंपनीनेच टोचलेल्या, शिजल्यावर वर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या काडीवर ठरवू नका. मांडीचा आतला भाग, पंखाचा आतला भाग आणि छातीचा सगळ्यात जाड भाग, तिन्हीकडे थर्मामीटरने १६५ फॅरनहाइट दाखवलं पाहिजे. टोक हाडाला लागू देऊ नका. बाहेर काढल्यावर अर्धा तास झाकून ठेवा, मग कापा.

अख्खी टर्की तळायची हौस कोणा भाच्याला आली, तर ती घराबाहेर, मोकळ्या सपाट जागेत, लाकडी डेकपासून लांब, आणि पूर्ण वितळलेली व कोरडी असेल तरच. गरम तेलात बर्फ गेला की भडका उडतो. अमेरिकेत स्वयंपाकामुळे घरांना लागणाऱ्या आगी वर्षभरात सगळ्यात जास्त याच दिवशी लागतात. ओव्हनपाशी पदर, ओढणी आणि रांगतं मूल नको.

७. ताट आणि ओव्हनचं वेळापत्रक

शाकाहारी माणसाला इथे नकळत फसायला होतं. तयार स्टफिंगमध्ये (पावाच्या तुकड्यांच्या मसालेदार मिश्रणात) चिकनचा रस्सा असतो, ग्रेव्ही टर्कीच्या रसाची असते, रताळ्यावरच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, काही 'पाय'च्या (सारण भरून भाजलेल्या इथल्या गोड पदार्थाच्या) तयार पोळीत डुकराची चरबी असते, आणि पंपकिन पायमध्ये अंडं. लेबल वाचा, आणि मांडताना शाकाहारी टेबलच वेगळं करा. चिठ्ठ्या लावल्या तरी चमचे इकडचे तिकडे होतात.

दुसरं, शाकाहारी लोकांना नुसतं तोंडीलावणं वाढू नका. त्यांच्यासाठीही मानाचा एक पदार्थ हवा. मसालेभात आणि भरली वांगी केली तर टर्कीवालेही तिकडेच वळतात. भोपळ्याचा डबा आणाल तेव्हा 'प्युरी' (नुसता गर) लिहिलेला घ्या, 'पाय फिलिंग' नको, त्यात साखर आणि दालचिनी आधीच असते. प्युरीत गूळ, तांदळाची पिठी आणि कणीक घालून घारगे छान होतात. प्युरी सैल असते, म्हणून आधी कढईत परतून आटवून घ्या. क्रॅनबेरी न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्येच पिकते. ताज्या फळांचं मोहरी-मेथी आणि हिंगाच्या फोडणीचं लोणचं मंगळवारी घालून ठेवलं तर गुरुवारी मुरलेलं असतं.

ओव्हन एकच असेल तर जेवण चारला धरा:

- सकाळी ८: सगळ्यांना भरपूर पोहे
- ११:१५: टर्की ओव्हनमध्ये
- १२:३०: मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि लहान मुलांना वरण-भात. चारपर्यंत त्यांना थांबवू नका
- ३:००: टर्की बाहेर, झाकून. त्याच ओव्हनमध्ये रताळी, कॉर्नब्रेड, शाकाहारी ट्रे
- ३:३०: टर्की कापणं. हे काम एकालाच द्या, बाकीच्यांनी स्वयंपाकघरातून बाहेर
- ४:००: जेवण

रात्री आठला पुन्हा भूक लागते. मुगाची खिचडी, कढी, पापड. दुपारीच डाळ-तांदूळ धुऊन कुकरशेजारी ठेवून द्या.

जेवताना आजी विचारतीलच, हा सण कसला. थोडक्यात सांगता येतं: १६२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्रज वसाहतवाल्यांनी पीक हाती आल्यावर मेजवानी केली, तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांसोबत. ऐन यादवी युद्धात, १८६३ साली, लिंकन यांनी देशभर आभाराचा दिवस जाहीर केला. नातवंडांना याची दुसरी बाजूही कळू द्या: १९७० पासून प्लिमथमध्येच मूळ रहिवासी याच दिवशी शोकदिन पाळतात.

८. फिरणं: काय नको ते आधी

पाहुणे नायगारा म्हणतीलच. मध्य न्यू जर्सीहून ती सहा-सात तासांची गाडी आहे, अमेरिकन बाजूच्या बोटी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, आणि अंधार साडेचार-पाचलाच पडतो. जून-जुलैत येऊ म्हणून सांगा. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा थँक्सगिव्हिंगच्या दिवशी बंद असतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचं नाताळचं झाड उभं असतं, पण त्याचे दिवे सहसा पुढच्या बुधवारी लागतात. रविवारी बर्गन काउंटीतल्या बहुतेक मॉलमध्ये कपड्यांची दुकानं बंद असतात. त्यापेक्षा नेवार्क विमानतळाजवळचं जर्सी गार्डन्स बरं, आणि न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही.

मेसीज या दुकानाची थँक्सगिव्हिंगच्या सकाळची न्यूयॉर्कमधली मिरवणूक १९२४ पासून निघते. प्रत्यक्ष बघायची तर सकाळी सहाला थंडीत जागा धरावी लागते, आणि जवळ स्वच्छतागृह मिळत नाही. तरुणांनी जावं, मोठ्यांनी ती टीव्हीवर बघावी. आजी-आजोबा आणि छोटी मुलं असतील तर बुधवारी दुपारी मॅनहॅटनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाजवळ मिरवणुकीतले मोठे फुगे फुगवतात, ते दाखवा. जमिनीवर जाळ्याखाली आडवा पडलेला भलामोठा फुगा हळूहळू आकार घेताना बघून मुलं हरखून जातात. मेट्रोपार्क स्टेशनहून ट्रेनने जा, गाडी नेऊ नका.

गाडी भाड्याने घेणार असाल तर सात जणांची ऑक्टोबरातच ठरवा. न्यू जर्सीत आठ वर्षांखालच्या आणि ५७ इंचांहून बुटक्या मुलाला कार सीट किंवा बूस्टर सक्तीचा आहे. बहुतेक विमान कंपन्या कार सीट फुकट नेतात, त्यामुळे आपापली आणायला सांगा. पेट्रोल स्वतः भरायचं नाही, इथे कायद्याने पंपावरचा माणूस भरतो.

आणि एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. माझी निवड शुक्रवार. कुठेही जायचं नाही, पत्ते, गप्पा, दुपारची झोप. भारतातल्या उरलेल्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉल लावायचा तर सकाळी करा: नोव्हेंबरात न्यू जर्सी आणि भारतात साडेदहा तासांचा फरक असतो, म्हणजे इथले सकाळचे नऊ ते तिथले संध्याकाळचे साडेसात.

९. उरलेलं अन्न, सिंक आणि निरोप

जेवण आटोपल्यावर गप्पा रंगतात आणि अन्न टेबलावर राहतं. दोन तासांच्या आत सगळं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. टर्की हाडांवरून सोडवून उथळ डब्यांत भरा. फ्रीजमध्ये ती तीन-चार दिवस टिकते. शनिवारी तिचा खिमा करून पाव आणा, किंवा ओल्या खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा करा. भाजलेल्या टर्कीपेक्षा तो जास्त संपतो.

सिंकमधल्या गार्बेज डिस्पोझलमध्ये (खरकटं दळणाऱ्या यंत्रात) भात, बटाट्याची सालं, कांद्याची टरफलं आणि तूप-तेल अजिबात टाकू नका. भात आत फुगतो, तूप पाइपात थिजतं. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार प्लंबर लोकांचा वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस असतो, आणि सुट्टीचा जादा दर लागतो. सिंकच्या तोंडावर जाळी ठेवा, तेल रिकाम्या डब्यात ओतून गार झाल्यावर कचऱ्यात टाका.

रविवारी निघणाऱ्यांना देशांतर्गत विमानासाठी अडीच-तीन तास आधी विमानतळावर सोडा. सोबत काय देता येतं? घारगे, पाय, केक, कोरडी भाजलेली टर्की हे हातातल्या पिशवीत चालतं. ग्रेव्ही, क्रॅनबेरीचं लोणचं, आमटी हे सुरक्षा तपासणीत द्रव धरतात, १०० मिलीलिटरच्या वर असेल तर काढून घेतात. लोणच्याची बाटली झाकणाला प्लॅस्टिक लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून, चेक-इनच्या सामानात टाका. निघायच्या आधी प्रत्येक खोलीतले प्लग आणि बाथरूमची खुंटी बघून घ्या: चार्जर, श्वासाचं मशीन, दातांचा डबा आणि गोळ्यांची पेटी एवढ्याच वस्तू मागे राहतात, आणि नेमक्या त्याच पोस्टाने पाठवाव्या लागतात.